सी प्रोग्रॅममध्ये लायब्ररीचं व्हर्जन कसं तपासायचं: कंपाइल करताना आणि चालवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच पोरं कॉलेजात सी शिकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आली की कुणाच्या दुकानाचं बिलिंग, कुणाच्या वर्कशॉपचा स्टॉक, गावातल्या सोसायटीचं खातं असलं खरं काम हातात घेतात. चांगलीच गोष्ट आहे ती. पण तिथंच पहिल्यांदा कळतं की आपल्या लॅपटॉपवर मस्त चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर नेला की उघडतसुद्धा नाही, मग निपाणीहून फोन येतो, "अहो, ते चालूच होईना झालंय, स्क्रीनवर कायतरी इंग्लिश येतंय आणि बंद पडतंय", आणि आपण इथं बसून काय सांगणार, त्या मशीनवर कुठली लायब्ररी कुठल्या व्हर्जनची आहे हेच आपल्याला माहीत नसतं.

हा विषय वर्गात सहसा कुणी शिकवत नाही, पण प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यायचा असेल तर पॉइंटरइतकाच तो महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी पहिल्यापासून लिहितोय.

एक सोय सांगून ठेवतो. कोडमधली नावं, कमांड, फाइलींची नावं सगळं इथं आपण बोलताना म्हणतो तसं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये, कॅपिटल-स्मॉल सांभाळून करायचं, आणि स्पेलिंगची शंका आली तर त्या लायब्ररीची हेडर फाइल उघडून बघायची, ती सवय तशीही लागलेली बरी. मशीन उबुंटूचं आणि कंपायलर जीसीसी धरलाय. उदाहरणाला मुख्य एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत डेटाबेस ठेवणारी लायब्ररी, घेतलंय कारण बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये तेच जास्त असतं.

आधी हे डोक्यात बसवा

लायब्ररी म्हणजे एक वस्तू नाही, दोन आहेत. एक हेडर फाइल, डॉट एच, जी फक्त कंपाइल करताना वाचली जाते. दुसरी डॉट एसओ फाइल, जिच्यात खरा कोड असतो आणि जी प्रोग्रॅम सुरू होताना, दर वेळी नव्यानं, ज्या मशीनवर चालतोय त्या मशीनवरून उचलली जाते. हेडर म्हणजे छापलेलं वेळापत्रक आणि डॉट एसओ म्हणजे आज स्टँडवर खरंच लागलेली गाडी. दोन्ही जुळतात तेव्हा काही प्रश्नच नाही, पण जुळतीलच याची हमी कुणीही घेत नाही.

उबुंटूत तर ही दोन पॅकेजंच वेगळी असतात. डेटा दाबून लहान करणाऱ्या झेडलिबचं बघा, चालवण्यासाठी झेडलिब१जी आणि कंपाइल करण्यासाठी झेडलिब१जी-डेव्ह. दुकानातल्या मशीनवर डेव्ह पॅकेज नसतंच, तिथं नुसती डॉट एसओ असते, तुमच्या लॅपटॉपपेक्षा वेगळ्या वर्षातली. उबुंटू २०.०४ मध्ये एसक्यूलाइट ३.३१.१ येतं, २२.०४ मध्ये ३.३७.२, २४.०४ मध्ये ३.४५.१. म्हणजे तुम्ही २२.०४ वर बांधलं आणि समोर २०.०४ असेल तर मधे सहा व्हर्जनांचा फरक आला.

आणि सिस्टीम हे अडवत का नाही, तर लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना डॉट एसओ शोधून जोडणारा भाग, फक्त सोनेम बघतो, म्हणजे लायब्ररीच्या आत लिहिलेलं तिचं नाव. एसक्यूलाइटचं सोनेम लिबएसक्यूलाइट३.एसओ.० असं आहे, ३.३१ असो की ३.४५, शेवटचा शून्य तोच. लोडरला नाव जुळलं की तो समाधानी, आत काय आहे ते बघणं त्याचं काम नाही, ते आपलं काम.

पायरी १: मशीनवर काय आहे ते बघा

कोड लिहायच्या आधी टर्मिनलवर पीकेजी-कॉन्फिग, मग दोन डॅश मॉडव्हर्जन, मग लायब्ररीचं नाव, म्हणजे एसक्यूलाइट३ किंवा झेडलिब, असं टाका. जो आकडा येतो तो डेव्ह पॅकेजचा असतो, म्हणजे कंपाइलच्या बाजूचा. ज्यावर चालणार आहे त्या बाजूचा नाही, ही चूक पुष्कळ जण करतात, आकडा बघून निवांत होतात.

प्रोग्रॅम बांधून झाला की एलडीडी लिहून पुढं त्याचं नाव द्या. तो प्रोग्रॅम कुठली डॉट एसओ कुठल्या फोल्डरमधून उचलणार ते सगळं ओळीनं दिसतं. यूएसआर-लोकल-लिबमधून उचलायलंय की यूएसआर-लिबमधून, हे इथं डोळ्यांनी बघून घ्या, कारण कुणीतरी कधीतरी सोर्सवरून लायब्ररी इन्स्टॉल केलेली असते आणि मशीनवर दोन-दोन प्रती असतात. जीसीसी हेडर शोधताना यूएसआर-लोकल-इन्क्लूड आधी बघतो, त्यामुळे हेडर नवा घेतला आणि चालताना जुनी डॉट एसओ मिळाली असं एकाच मशीनवरसुद्धा होतं. सोर्सवरून इन्स्टॉल केल्यावर सूडो एलडीकॉन्फिग चालवायचं राहिलं की हमखास होतं. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या प्रोग्रॅमवर मात्र एलडीडी चालवू नका, काही वेळा त्यात तो प्रोग्रॅमच चालू शकतो. तिथं रीडएल्फ डॅश डी वापरा, ते नुसती फाइल वाचतं.

पायरी २: कंपाइल करताना अडवा

प्रत्येक चांगली लायब्ररी हेडरमध्ये आपलं व्हर्जन मॅक्रो म्हणून लिहून ठेवते, बहुतेक वेळा दोन रूपांत. एक स्ट्रिंग, माणसाला वाचायला. दुसरा आकडा, कंपायलरला तुलना करायला. एसक्यूलाइटचा आकडा बनवायची रीत सोपी आहे: पहिला भाग गुणिले दहा लाख, दुसरा गुणिले हजार, तिसरा तसाच. म्हणून ३.३७.२ चा आकडा ३०३७००२ आणि ३.३१.१ चा ३०३१००१.

समजा तुम्हाला एसक्यूलाइट३_चेंजेस६४ हे फंक्शन वापरायचंय, ते ३.३७.० मध्ये आलं. तर एसक्यूलाइटचा हेडर इन्क्लूड केल्यानंतर असं लिहा:

#इफ एसक्यूलाइट_व्हर्जन_नंबर < ३०३७०००
#एरर "एसक्यूलाइट ३.३७ किंवा पुढचं पाहिजे"
#एन्डइफ

याचा फायदा असा की जुन्या मशीनवर कुणी बांधायला गेलं तर लिंकरची न कळणारी एरर येण्याऐवजी तुमचंच सरळ वाक्य समोर येतं. एररच्या जागी दुसरा रस्ताही देता येतो, म्हणजे #एल्स टाकून जुनं एसक्यूलाइट३_चेंजेस वापरायचं. कुठलं करायचं ते तुम्ही ठरवा, माझं मत म्हणाल तर जुना रस्ता खरंच टेस्ट करणार असाल तरच ठेवा, नाहीतर एरर देऊन थांबवलेलं परवडलं.

इथं तीन ठिकाणी नवीन माणूस अडखळतो.

पहिलं, "हेडर इन्क्लूड केल्यानंतर" हे मी मुद्दाम लिहिलंय. प्रीप्रोसेसरला #इफमध्ये ओळखीचं नसलेलं नाव दिसलं की तो ते गुपचूप ० धरतो, एरर देत नाही. म्हणजे इन्क्लूड राहिलं, किंवा मॅक्रोच्या नावात एक अक्षर चुकलं, तर वरची अट ० < ३०३७००० अशी होते आणि एकदम नवीन मशीनवरही "३.३७ पाहिजे" म्हणून एरर येते, आणि माणूस दिवसभर एसक्यूलाइट काढतोय घालतोय. अट उलटी लिहिली असेल तर त्याहून वाईट, एरर येतच नाही, नवीन फीचर गप बंद राहतं. कंपाइल करताना डॅश डब्ल्यू-अनडेफ हा फ्लॅग लावायची सवय ठेवा, असलं अनोळखी नाव दिसलं की तो वॉर्निंग देतो.

दुसरं, #इफमध्ये स्ट्रिंगची तुलना होत नाही, साइजऑफ चालत नाही, तिथं फक्त पूर्णांक. म्हणून आकड्याचाच मॅक्रो शोधायचा. आणि तो आकडा प्रत्येक लायब्ररी आपापल्या पद्धतीनं बनवते. झेडलिब १.२.११ चा आकडा ०एक्स१२बी० आहे, एकेक भागाला एकेक हेक्स अंक, ११ म्हणजे बी. लिबकर्लचा (इंटरनेटवरून डेटा आणणारी-पाठवणारी लायब्ररी) ७.६८.० म्हणजे ०एक्स०७४४००, तिथं एकेका भागाला दोन-दोन हेक्स अंक, ६८ म्हणजे हेक्समध्ये ४४. एका लायब्ररीची रीत दुसरीला लावू नका, दर वेळी हेडर उघडा आणि बघा.

तिसरं जरा बारीक आहे. काही लायब्ऱ्या तुलनेसाठी तयार मॅक्रोच देतात, कंसात आकडे द्यायचे. जीलिबसीत, म्हणजे उबुंटूच्या मूळ सी लायब्ररीत, अंडरस्कोर-अंडरस्कोर-जीलिबसी-प्रीरेक असा आहे, कंसात २ आणि ३४ दिलं की २.३४ किंवा पुढचं आहे का ते सांगतो. आता लोक एकाच ओळीत लिहितात, "#इफ डिफाइन्ड जीलिबसी आणि जीलिबसी-प्रीरेक(२, ३४)", वाटतं की पहिली अट खोटी निघाली तर दुसरी बघितलीच जाणार नाही. तसं होत नाही. प्रीप्रोसेसर अख्खी ओळ वाचतो, आणि तो मॅक्रोच नसेल, म्हणजे अल्पाइनसारख्या, जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर, तर कंसापाशी सिंटॅक्स एरर देतो. म्हणून दोन #इफ, एकात एक. बाहेर डिफाइन्ड आहे का ते, आणि आत मॅक्रोचा वापर.

पायरी ३: चालताना विचारा

आता खरा भाग. हेडरचा मॅक्रो म्हणजे कंपाइलच्या दिवशी तुमच्या प्रोग्रॅममध्ये गोठलेला आकडा, तो दुसऱ्या मशीनवर नेल्यावर बदलत नाही. चालताना समोर काय आहे ते लायब्ररीलाच विचारावं लागतं, त्यासाठी तिच्यात फंक्शन असतं. एसक्यूलाइटमध्ये एसक्यूलाइट३_लिबव्हर्जन स्ट्रिंग देतं आणि एसक्यूलाइट३_लिबव्हर्जन_नंबर आकडा देतं. झेडलिबमध्ये झेडलिबव्हर्जन. जीलिबसीत जीएनयू_गेट_लिबसी_व्हर्जन. लिबकर्लमध्ये कर्ल_व्हर्जन_इन्फो, ते तर अख्खं स्ट्रक्चर देतं, आत कुठली एसएसएल लायब्ररी आहे तेसुद्धा.

मेनच्या सुरुवातीला दोन्ही छापा: बांधताना कुठलं (मॅक्रो) आणि चालताना कुठलं (फंक्शन). "बांधताना ३०३७००२, चालताना ३०३१००१" असं दिसलं की अर्धं निदान तिथंच झालं.

मग ठरवायचं काय तपासायचं. इथं मला जरा थांबून सांगायचंय, कारण बहुतेक ठिकाणी "कंपाइल टाइमला मॅक्रो, रन टाइमला फंक्शन" एवढंच सांगून सोडून देतात आणि वापरायचं कधी ते कळत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला जे नवीन पाहिजे ते नेमकं कुठं राहतंय?

ते नुसत्या वागण्यात असेल, तर कंपाइलची तपासणी काही कामाची नाही. एसक्यूलाइटमध्ये इन्सर्टच्या शेवटी रिटर्निंग लिहून नवीन बिलाचा नंबर तिथल्या तिथं परत मिळवता येतो, हे ३.३५.० पासून, म्हणजे मार्च २०२१ पासून. पण रिटर्निंग हा तुमच्या सी कोडच्या दृष्टीनं एका स्ट्रिंगमधला शब्द आहे, कंपायलरला त्याचं काही पडलेलं नाही. जुन्या हेडरवरही तो कंपाइल होईल, आणि नव्या हेडरवर कंपाइल झालेला प्रोग्रॅम ३.३१.१ समोर आलं की "निअर रिटर्निंग, सिंटॅक्स एरर" म्हणेल. म्हणून इथं तपासणी चालतानाच:

इफ (एसक्यूलाइट३_लिबव्हर्जन_नंबर() >= ३०३५०००) असेल तर रिटर्निंगवाली क्वेरी, नाहीतर साधा इन्सर्ट आणि त्यानंतर एसक्यूलाइट३_लास्ट_इन्सर्ट_रोआयडी.

दोन्ही रस्त्यांनी बिल नंबर मिळतो, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

ते नवीन फंक्शन असेल, तर मात्र चालतानाची इफ तुम्हाला वाचवत नाही. हे ऐकून बऱ्याच जणांना पटत नाही म्हणून नीट बघा. तुम्ही कोडमध्ये कुठंही, अगदी इफच्या आतसुद्धा, एसक्यूलाइट३_चेंजेस६४ ला थेट कॉल केलात की ते नाव प्रोग्रॅमच्या "मला हे पाहिजे" यादीत जातं. उबुंटूचा जीसीसी डिफॉल्टनेच अशी सेटिंग लावतो की या यादीतली सगळी नावं सुरुवातीलाच जुळवली जातात. समोरच्या डॉट एसओत ते नाव नसेल तर "अनडिफाइन्ड सिम्बॉल" म्हणून प्रोग्रॅम मेनपर्यंत पोचायच्या आधीच संपतो. तुमची तपासणी मेनमध्ये, ती चालणार कधी? असलं फंक्शन हवंच असेल तर थेट कॉल न करता डीएलसिम वापरून नावानं शोधायचं, सापडलं तर तो पॉइंटर वापरायचा, नल आलं तर जुनं फंक्शन. किंवा सरळ जुनंच फंक्शन वापरायचं. बिलिंगच्या प्रोग्रॅमला एकावेळी बदललेल्या ओळी मोजायला चौसष्ट बिटांची गरज पडत नाही, तिथं मी जुनंच ठेवीन.

आणि ते स्ट्रक्चरच्या आकारात किंवा मॅक्रोत असेल तर कंपाइलची तपासणी पाहिजेच, कारण आकार कंपाइलच्या वेळीच ठरतो. झेडलिबनं याची फार छान सोय केलीय, मला ती आवडते म्हणून सांगतो. आपण डिफ्लेट-इनिट म्हणून जे कॉल करतो ते खरं फंक्शन नाहीच, मॅक्रो आहे. तो मॅक्रो आतल्या खऱ्या फंक्शनला गुपचूप दोन जास्तीच्या गोष्टी देतो: हेडरमधली व्हर्जनची स्ट्रिंग आणि स्ट्रीम स्ट्रक्चरचा साइजऑफ. दोन्ही तुमच्या कंपाइलच्या बाजूच्या. डॉट एसओतलं फंक्शन चालताना त्या आपल्याशी ताडून बघतं, व्हर्जनचं पहिलं अक्षर जुळलं नाही किंवा आकार वेगळा निघाला तर झेड-व्हर्जन-एरर परत करतं, किंमत उणे ६. म्हणजे कंपाइलची आणि चालतानाची बाजू एकाच कॉलमध्ये समोरासमोर आणली, वापरणाऱ्याला काही न करता. तुम्ही उद्या स्वतः लायब्ररी लिहिलीत तर हीच युक्ती उचला. फक्त डिफ्लेट-इनिटची रिटर्न व्हॅल्यू तपासत जा की, ती न बघता पुढं गेलं तर या सगळ्याचा काय उपयोग.

तंतोतंत की किमान?

तपासणी कितपत कडक ठेवायची यावर दोन पद्धती आहेत. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये असर्ट लावून दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आहेत का बघायची रीत दिलीय. ती तुम्ही एसक्यूलाइटची सोर्स फाइल आपल्याच प्रोग्रॅमबरोबर कंपाइल करत असाल तेव्हा एकदम योग्य, कारण तिथं वेगळेपणा म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय. पण सिस्टीमची डॉट एसओ वापरत असाल तर तंतोतंतची अट लावू नका. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपच्या मशीनवर मालकाच्या पोरानं उबुंटू अपग्रेड केलं, एसक्यूलाइट पुढं गेलं, लायब्ररी जुन्याशी सुसंगतच आहे, आणि तुमचा प्रोग्रॅम मात्र "व्हर्जन जुळत नाही" म्हणून हटून बसला, हे बरोबर नाही. तिथं अट एवढीच: मला लागतं त्याहून जुनं नको.

तुलना करायला आकड्याचं फंक्शन असेल तर तेच वापरा. नुसती स्ट्रिंग मिळत असेल, जसं झेडलिबमध्ये, तर एसटीआरसीएमपी लावू नका. "१.२.९" आणि "१.२.११" दिलं तर एसटीआरसीएमपी ९ वाल्याला मोठं म्हणेल, कारण ते अक्षर बघतं, ९ हे १ च्या पुढं. एसस्कॅनएफनं तीन भाग तीन इंटमध्ये काढा, किती भाग खरंच वाचले गेले ते रिटर्न व्हॅल्यूवरून बघा (झेडलिब १.३ मध्ये दोनच भाग आहेत), आणि मग एकेक भाग ताडा.

जीलिब (जीलिबसी नव्हे, ही वेगळी) आणि खिडक्या-बटणं बनवायचं जीटीके वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिथलं चेक_व्हर्जन फंक्शन सगळं ठीक असेल तर नल देतं आणि अडचण असेल तर मेसेजची स्ट्रिंग. घाईत उलटं वाचलं जातं.

आणखी एक, व्हर्जनच्या आकड्यावरून सुरक्षेचा निर्णय घेऊ नका. २०२२ मध्ये झेडलिबमधल्या एका जुन्या मेमरीच्या दोषाचा बोभाटा झाला, झेडलिबनं तो १.२.१२ मध्ये दुरुस्त केला. पण उबुंटूनं आपल्या त्या वेळच्या चालू रिलीजमध्ये व्हर्जन तेच १.२.११ ठेवून आत पॅच लावला. झेडलिबव्हर्जन विचाराल तर उत्तर १.२.११ च, दुरुस्त असूनही. पॅच लागलाय का ते पॅकेज मॅनेजरला विचारायचं, लायब्ररीला नाही.

जीलिबसीची ती प्रसिद्ध एरर

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसते ती हीच. नव्या लॅपटॉपवर, २२.०४ वर, बांधलेला साधा हॅलो वर्ल्डसुद्धा २०.०४ वर नेला की "व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड". पोरं म्हणतात, सर मी तर एकही नवीन फंक्शन वापरलं नाही. खरं आहे, वापरलेलं नसतं. पण मेनला हाक मारणारं आतलं एक फंक्शन असतं, त्याला २.३४ मध्ये नवीन व्हर्जनचा शिक्का बसला, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याच रिलीजमध्ये पीथ्रेडची लायब्ररी मुख्य लिबसीत विलीन झाली. २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, त्यामुळे तिथं लिंक केलेला प्रत्येक प्रोग्रॅम तो नवा शिक्का मागतो. २०.०४ मध्ये २.३१, तिथं तो शिक्का नाही.

इथं तुमची कुठलीच तपासणी चालायच्या आधी लोडर थांबवतो, त्यामुळे कोडमध्ये लिहून उपयोग नाही. उपाय एकच आणि साधा: ज्या मशीनांवर द्यायचंय त्यातल्या सगळ्यात जुन्याइतक्या जुन्या उबुंटूवर बांधा, व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर वापरा. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, जीलिबसी ती काळजी घेते. इंटरनेटवरून नवी जीलिबसी डाऊनलोड करून दुकानाच्या मशीनवर कोंबायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती बिघडली की त्या मशीनवर एलएससुद्धा चालणार नाही.

मराठी-कन्नड नावं असतील तर

सीमेवरच्या दुकानांची गिऱ्हाइकं बघा, यादीत निम्मी नावं मराठीत, निम्मी कन्नडमध्ये, पावतीही दोन्ही लिपीत पाहिजे. त्यासाठी दोन लायब्ऱ्या मधे येतात.

अक्षरं जोडून छापायला हार्फबझ. तिच्यात तपासणी अगदी जोडीनं दिलीय, कॅपिटलमध्ये एचबी_व्हर्जन_अ‍ॅटलीस्ट हा मॅक्रो कंपाइलसाठी आणि स्मॉलमध्ये त्याच नावाचं फंक्शन चालतानासाठी. शिकायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण नाही.

नावं लावायला, म्हणजे अनुक्रम ठरवायला, आयसीयू. ही फंक्शनच्या नावालाच आपलं व्हर्जन चिकटवते, तुम्ही यूकोल_ओपन लिहिता पण डॉट एसओत नाव यूकोल_ओपन_६६ असं असतं. उबुंटू २०.०४ ला ६६, २२.०४ ला ७०, २४.०४ ला ७४. त्यामुळे मोठं व्हर्जन बदललं की जुना प्रोग्रॅम लोडच होत नाही, निदान चुकीचं चालत तरी नाही.

पण इथं तिसरं एक व्हर्जन येतं, आणि त्याचा विचार फार थोडे करतात: डेटा लिहिला त्या वेळचं. आयसीयूनं दिलेल्या सॉर्ट की, म्हणजे अनुक्रम लावायला नावावरून बनवलेले बाइट, तुम्ही डेटाबेसमध्ये साठवल्या, नंतर आयसीयू बदललं आणि प्रोग्रॅम नव्यानं बांधला, तर नवीन की जुन्यांशी जुळतीलच असं नाही. मग शोधलेलं गिऱ्हाईक यादीत असूनही सापडत नाही. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ नं अनुक्रमाचे नियम बदलले तेव्हा पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांचे इंडेक्स असेच बिघडले होते. म्हणून यूकोल_गेटव्हर्जन जे देतं ते एका छोट्या सेटिंग टेबलात लिहून ठेवा, प्रोग्रॅम सुरू होताना आत्ताच्याशी ताडा, वेगळं निघालं तर सगळ्या सॉर्ट की परत बनवा. आणि एसक्यूलाइटमध्ये स्वतःचं कोलेशन, म्हणजे अनुक्रमाचा नियम, लावून इंडेक्स केला असेल तर रीइंडेक्स ही कमांड याच कामासाठी आहे.

पायरी ४: फोनवर वाचून दाखवता येईल असं करा

प्रोग्रॅमला डॅश डॅश व्हर्जन हा पर्याय द्याच. त्यात तुमच्या प्रोग्रॅमचं व्हर्जन, आणि मग एकेका लायब्ररीची एक ओळ, बांधताना अमुक, चालताना तमुक. डेटाबेस उघडायच्या आधी हे छापून बाहेर पडा, कारण बिघाड डेटाबेस उघडतानाच असेल तर पुढं काही छापलं जाणार नाही. तपासणीत अडलं तर एरर मेसेज मराठीत किंवा कन्नडमध्ये, जे दुकानदार वाचतो त्या भाषेत लिहा, आणि त्यात तीन गोष्टी पाहिजेत: काय पाहिजे होतं, काय मिळालं, कुणाला फोन करायचा. नुसतं "व्हर्जन एरर" लिहून समोरचा माणूस काय करणार.

पायरी ५: मुद्दाम बिघडवून बघा

तपासणी लिहिली पण ती कधी लागलीच नाही, तर ती चालते हे कशावरून? म्हणून न जुळणारी जोडी स्वतः तयार करा. एसक्यूलाइटच्या साइटवरून ३.३५ च्या आधीचा सोर्स घ्या, होम फोल्डरमध्ये जुनं-एसक्यूलाइट असं वेगळं फोल्डर करा, कॉन्फिगर करताना डॅश डॅश प्रिफिक्सला त्याचा पत्ता द्या, मग मेक आणि मेक इन्स्टॉल, सूडो न लावता. आता प्रोग्रॅम चालवताना त्याच ओळीत आधी एलडी_लायब्ररी_पाथ, मग बरोबरचं चिन्ह, मग त्या फोल्डरमधल्या लिबचा पत्ता असं लिहा आणि पुढं तुमचा प्रोग्रॅम, डॅश डॅश व्हर्जन. दोन आकडे वेगळे दिसले पाहिजेत. सारखेच दिसले तर जुनी डॉट एसओ उचललीच गेली नाही, त्याच ओळीत सुरुवातीला एलडी_डीबग, बरोबरचं चिन्ह आणि लिब्स असं जोडा, लोडर कुठं कुठं शोधतोय ते सगळं ओळीनं सांगतो.

मग एक बिल करून बघा. लास्ट_इन्सर्ट_रोआयडीचा रस्ता लागला पाहिजे आणि नंबर बरोबर आला पाहिजे. तसंच किमान व्हर्जनचा आकडा तात्पुरता वाढवून तुमचा मराठी मेसेज स्क्रीनवर नीट उमटतो का तेही बघून घ्या. एलडी_लायब्ररी_पाथ मात्र त्या एका ओळीपुरताच द्या, बॅशआरसीत लिहून ठेवू नका, नाहीतर त्या टर्मिनलमधून चालणारे बाकीचे प्रोग्रॅमसुद्धा हीच जुनी लायब्ररी उचलायला लागतील.